एका इटालियन खानावळीचे बिल : एक अभ्यास

परदेशाहून येणारा मामा भाच्यासाठी चॉकलेट आणतो, अत्तराची बाटली आणतो, गेला बाजार एखादा टी-शर्ट तरी आणतोच. माझ्या मामांनी मला एक बिल आणून दिले. "तू कॉमर्सवाला ना? मग हे वाच," असे म्हणून त्यांनी पाकिटातून चौघडी केलेला एक कागदाचा तुकडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. आई म्हणाली, "पोराला काय आणायचं तर ही चिठ्ठी!" वाचकहो, खरे सांगतो, त्या क्षणी मलाही तसेच वाटले होते. परंतु त्या चिठ्ठीने गेले दोन महिने माझी पाठ सोडलेली नाही, आणि आमच्या घरात जो काही गोंधळ उडाला तोही त्या चिठ्ठीमुळेच. म्हणून हा लेख.

माझ्या आईचे माहेर गोव्यात, फोंड्याकडे. मामा एका इटालियन प्रवासी जहाजावर भटारखान्यात कामाला आहेत. जहाज जिनोआ बंदराला लागले की जुने प्रवासी उतरतात, नवे चढतात, आणि त्या अवधीत ज्यांची पाळी नसते त्यांना चारपाच तास मोकळे मिळतात. दिवसभर दुसऱ्यांसाठी रांधणारा माणूस मोकळा वेळ मिळताच जेवायला दुसरीकडे जातो, याचे मला हसू आले. मामा म्हणाले, "तुझ्या आईला विचार. तिला दुसऱ्याच्या हातचं आयतं ताट मिळालं तर काय वाटतं ते." आमची खानावळ आहे, हे येथेच सांगून टाकतो. पुढे ते लागणार आहे.

जिनोआचा बंदराजवळचा भाग म्हणजे जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्या. दोन्ही बाजूंना पाचसहा मजली घरे आणि मध्ये आमच्या बेळगावातल्या बोळासारखी वाट. या गल्ल्यांना तिकडे 'कारुज्जी' म्हणतात. अशाच एका गल्लीत मामांची ठरलेली 'त्रात्तोरिया' आहे. इटलीत जेवणाच्या जागेची नावे तिच्या ऐपतीप्रमाणे बदलत आली. 'रिस्तोरान्ते' म्हणजे झुळझुळीत हॉटेल, 'ओस्तेरिया' म्हणजे मूळची दारूची आणि तिच्याबरोबर थोडेफार खाण्याची जागा, आणि 'त्रात्तोरिया' म्हणजे घरच्या माणसांनी चालवलेली, शेजारपाजारच्या गिऱ्हाइकांवर जगणारी साधी जागा. आता पाट्या रंगवणारे कोणतेही नाव कुठेही लावतात हा भाग वेगळा. मराठीत त्रात्तोरियाला शब्द शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. 'खानावळ' हा शब्द मराठीत आहे आणि कानडीत तोच 'खानावळी' होऊन आमच्या गावातल्या निम्म्या पाट्यांवर आहे.

तेथे गल्ल्यावर सत्तरीच्या एक बाई बसतात. आत त्यांचा मुलगा रांधतो आणि सून वाढते. जेवणाचे पदार्थ रोज सकाळी हाताने लिहिलेल्या कागदावर असतात. संपलेल्या पदार्थावर रेघ मारतात. टेबलावर कागद अंथरलेला असतो. जागा नसली तर अनोळखी माणसाच्या समोर बसवतात, आणि मामा म्हणतात की अशाच बसण्यातून त्यांना इटालियन भाषा आली.

आता बिल. कागदाच्या डोक्यावर 'दोकुमेंतो कोमेर्चाले' असे छापले आहे. म्हणजे 'व्यापारी दस्तऐवज'. एका जेवणाच्या चिठ्ठीला केवढे भारदस्त नाव! मामा आणि त्यांचा एक सोबती असे दोघे जेवले होते. खाली ओळी अशा : कोपेर्तो दोन, ३ युरो. त्रोफिए आणि पेस्तो, ८ युरो. मिनेस्त्रोने, ७. तळलेली मासळी, १०. भरलेल्या भाज्या, ८. पाणी २, पाव लिटर वाइन ३, दोन कॉफी ३. एकूण ४४ युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर चार हजार चारशे रुपये. आईने हे ऐकताच कपाळाला हात लावला.

यातला प्रत्येक पदार्थ आईने मामांकडून खोदून खोदून विचारून घेतला. पेस्तो म्हणजे तुळशीच्या कुळातल्या एका पाल्याची चटणी. संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने पाला, लसूण, चिलगोज्यासारख्या बिया, खडे मीठ, दोन तऱ्हेचे चीज आणि ऑलिव्हचे तेल एकत्र घोटतात. त्रोफिए ही हाताने वळलेली, पीळ दिलेली छोटी शेवई. तिच्याबरोबर त्याच पाण्यात बटाटा आणि शेंगाही उकडतात आणि सगळे चटणीत कालवतात. भरलेल्या भाज्या ऐकून आई म्हणाली, "आमची भरली वांगी काय वाईट?" मासळी आमच्या मांदेलीच्या जातकुळीतली. आणि तिथली आणखी एक प्रसिद्ध वस्तू 'फारिनाता', म्हणजे हरभऱ्याचे पीठ, पाणी, तेल आणि मीठ यांचे पातळ मिश्रण मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून भट्टीत भाजलेले. यावर आई जोरात हसली. "म्हणजे धिरडंच की! त्याला जिनोआला कशाला जायला पाहिजे?"

वाळवलेल्या शेवयांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी इटलीत १९६७ पासून कायदा आहे : त्या एका विशिष्ट कडक गव्हाच्या रव्याच्याच केल्या पाहिजेत. तो गहू म्हणजे आपल्याकडचा बन्सी. आमच्या आजीने कायदा न वाचताच शेवयांना बन्सी नाहीतर खपलीच आणायला लावली होती, हे येथे नमूद करतो. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीला युनेस्कोची बैठक झाली. तीत आपली दीपावली आणि इटलीची पाकपरंपरा या दोन्ही गोष्टी मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेल्या. भांडी कोण घासतो याबद्दल त्या यादीत काही आहे का, असा प्रश्न आईने विचारला. मी उत्तर टाळले.

परंतु मला खिळवून ठेवले ते पदार्थांनी नव्हे, पहिल्या ओळीने. कोपेर्तो म्हणजे काय? मामा म्हणाले, "बसल्याचे." टेबलावर कागद, चमचे, ग्लास, पाव मांडला की माणशी दीड युरो लागू. पाव खा किंवा खाऊ नका. पूर्वी ओस्तेरियात वाटसरू आपापली शिदोरी घेऊन येत आणि छप्पर, टेबल व भांडी वापरल्याचे काही देत, त्यातून ही रीत आली असे सांगतात. शब्दाचा अर्थ 'झाकलेले', म्हणजे चादर घालून मांडलेली जागा. 'सर्वीत्सियो', म्हणजे वाढण्याची सेवा, तो आकार निराळा. कोपेर्तोची रक्कम पदार्थांच्या यादीत आधी लिहिलेली असावी लागते. रोम ज्या प्रांतात आहे त्या लात्सियोने २००६ मध्ये कायदा करून हा आकार घेण्यास मनाई केली. इतरत्र तो चालू आहे.

दीड युरो म्हणजे दीडशे रुपये. आमच्या खानावळीत सुट्या गिऱ्हाइकाला पूर्ण ताट नव्वद रुपयांना मिळते. म्हणजे जिनोआत नुसते बसायला जे पडते, त्यात आमच्याकडे माणूस जेवून, पान खाऊन, रिक्षाने घरी जाईल. बाबा म्हणाले, "बसायला पैसे घेत्यात? लाज वाटत नाही?"

आपल्याकडेही हा वाद झालेला आहे. मोठ्या हॉटेलांतून बिलात आपोआप 'सर्व्हिस चार्ज' लावला जाई. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो आपोआप लावू नये असे सांगितले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. मात्र तो सेवेचा आकार होता. कोपेर्तो हा जागेचा. दोन्हींची गल्लत करू नये.

बिलाच्या तळाशी कर दाखवला होता. तिकडे जेवणावर दहा टक्के कर आहे. मी ४४ चे दहा टक्के ४.४० काढले आणि बिलावर ४.०० छापलेले पाहून मशीन चुकले असे घरात जाहीर केले. दुसऱ्या दिवशी वर्गात सरांना बिल दाखवले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. इटलीत किंमत करासह असते. ४४ मध्ये ४० किंमत आणि ४ कर. आपल्याकडे उपाहारगृहाचे पाच टक्के बहुधा वरून लागतात म्हणून माझी सवय तशी. दोन वर्षे कॉमर्स शिकून मी टक्केवारीत फसलो, आणि तेही भर वर्गात.

त्या रात्री मी आमच्या खानावळीची वही काढली. बाबा जमाखर्च चोख ठेवतात. आमचे महिन्याचे मेंबर तीस. बहुतेक विद्यार्थी, काही कारखान्यातले, एक बँकेतले. कार्ड ३,३०० रुपयांचे. रविवारी रात्री बंद, म्हणून महिन्याला माणशी छप्पन्न ताटे. सुटी गिऱ्हाइके रोज सरासरी बारा. एकंदर महिन्याला २,०४० ताटे आणि जमा १,३१,४००. खर्च : किराणा, भाजी, दूध मिळून ७३,४००, गॅस १२,०००, भाडे १४,०००, वीज व पाणी ३,५००, भांडी घासणाऱ्या मावशी ८,०००. शिल्लक २०,५००. यावर आमचे घर चालते.

यातले भाडे, वीज-पाणी आणि मावशींचा पगार हे एक माणूस जेवला काय आणि शंभर जेवले काय, तेवढेच राहतात. वर्गात यालाच आम्ही स्थिर खर्च म्हणून पाठ केले होते. ते २५,५००. भागिले २,०४०. उत्तर आले बरोबर १२ रुपये ५० पैसे. मी वहीच्या समासात लिहिले : आमचा कोपेर्तो, साडेबारा रुपये. म्हणजे बसल्याचे पैसे आम्हीही घेतच होतो. फक्त ते आमटीत मिसळून घेत होतो.

नुसती गंमत म्हणून हे सोडून देता आले असते. परंतु खानावळवाल्यांचा एक जुना आजार आहे, त्याचे नाव खाडा. मेंबर गावी गेला की खाडे सांगतो आणि महिनाअखेर तेवढ्या ताटांचे पैसे वजा करून घेतो. आम्ही आजवर पूर्ण ताटाचे, म्हणजे सुमारे ५९ रुपये वजा करत आलो. तो जेवला नाही तर आमचे वाचते काय? सामान आणि गॅस, म्हणजे जास्तीत जास्त ४२ रुपये. घरमालक काही त्या दिवसाचे भाडे कमी करत नाही. म्हणजे दर खाड्याला आम्ही सतरा रुपये आपल्या पदरचे घालत होतो. दिवाळीत आणि मे महिन्यात मेंबर पंधरा पंधरा दिवस नाहीसे होतात, तेव्हा बाबांचा चेहरा का उतरतो ते मला विसाव्या वर्षी वहीत सापडले. जिनोआच्या त्या बाईंनी जागेचे पैसे पदार्थापासून वेगळे काढून ठेवले होते. त्यांच्याकडे माणूस नुसती शेवई खाऊन उठला तरी जागेचे दीड युरो वसूल. शिवाय तिकडे आधी शेवई, मग मासळी, मग कॉफी असे एकामागून एक येते आणि माणूस तासभर हलत नाही. आमच्याकडे सगळे एकाच ताटात, आणि गडी पंधरा मिनिटांत हात धुवायला उठतो. तेथे जागा महाग असणारच.

हे सारे मी बाबांना उत्साहाने दाखवत असताना काकू भाकऱ्या थापत होत्या. एका बाजूला भाकरी, दुसऱ्या बाजूला माझे स्थिर खर्च. काकूंनी मान वर न करता विचारले, "आमचं कशात धरलास?"

मी वही पुन्हा वाचली. कशातच नव्हते.

पहाटे साडेपाचला आई आणि काकू उठतात. रात्री साडेदहाला ओटा धुतला जातो. मध्ये दुपारचे दोनअडीच तास आडवे व्हायला मिळतात. बाहेरून भाकऱ्या करायला बाई लावली तर आमच्या भागात दिवसाला साडेचारशे रुपये द्यावे लागतील. दोघींचे महिन्याचे झाले २७,०००. शिल्लक होती २०,५००. म्हणजे आमची खानावळ महिन्याला साडेसहा हजार रुपये तोट्यात चालली आहे, आणि तो तोटा आई व काकू आपल्या हातांनी भरून काढतात. बाबांची बाजारहाट आणि सकाळी सायकलवरून डबे पोचवणारा मी, हे तर अजून धरलेच नाही. आमच्या पुस्तकात याला आरोपित खर्च असे नाव आहे आणि त्यावर चार गुणांचा प्रश्न येतो. मी तो गेल्या वर्षी लिहिला होता, गुणही मिळाले होते.

मग मी इटलीत याचे काय करतात ते शोधले. तेथे १९७५ मध्ये कुटुंबविषयक कायद्यात मोठी सुधारणा झाली आणि नागरी संहितेत २३०-बिस हे कलम आले. कुटुंबाच्या धंद्यात सातत्याने राबणाऱ्या नातेवाइकाशी दुसरा कसला करार नसेल, तर त्याला निर्वाहाचा हक्क आणि कामाच्या प्रमाणात व गुणवत्तेनुसार नफ्यात वाटा मिळतो. धंद्याच्या वाढलेल्या किमतीतही वाटा, त्यात नावलौकिकाची किंमतसुद्धा आली. नात्यांत सूनही येते. म्हणजे त्या त्रात्तोरियात ताटे वाढणारी सून कायद्याच्या नजरेत नुसती सून नाही. आणि त्याच कलमात एक छोटे वाक्य आहे, त्याचा आशय असा की स्त्रीचे काम पुरुषाच्या कामाच्या बरोबरीचे मानले जाईल. प्रत्यक्षात किती घरांत हा हिशोब चोख होतो कोण जाणे. पण लिहिलेले आहे.

योगायोग असा की १९७५ सालीच मुंबईत प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. गिरणगावात गिरणीकामगारांना घरी जेवू घालणाऱ्या शेकडो खानावळवाल्या बायका होत्या. किराणा उधारीवर, व्याज सावकाराचे, पैसे कामगाराचा पगार झाल्यावर. मंडळाने त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. बँकेच्या कागदावर प्रथमच त्यांचे रांधणे धंदा म्हणून लागले. हे मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आणि आम्ही काय हौस म्हणून करालोत?"

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हिशोब बरोबर आहे, खरं कार्ड चार हजार केलं तर मेंबर राहतील काय?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. समोरच्या गल्लीत ३,२०० मध्ये कार्ड मिळते. तेथेही कोणाची तरी आई राबत असणार, आणि तिचेही कुठे धरलेले नसणार. स्वस्त ताटांची स्पर्धा ही खरी त्या दोन घरांतल्या बायकांची स्पर्धा आहे, असे मला दिसले आणि बरे वाटले नाही.

खाड्याचा नियम मात्र बाबांनी लगेच बदलला. आता एका ताटाला ४२ रुपयेच वजा, आणि तेही आदल्या रात्री सांगितले तर. यावर गोकाकचा एक मेंबर तावातावाने उठला, "ऊटा माडिल्ल, रोक्का कोडबेकेन्री?" जेवलो नाही तरी पैसे द्यायचे काय? मी त्याला कानडीतून जिनोआ, टेबलावरचा कागद, दीड युरो असे सगळे समजावले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला की तिकडे वाइन मिळते. शेवटी काकूंनी त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली आणि वाद मिटला. त्या भाकरीचा खर्च कोणत्या सदरात टाकावा हे मी विचारले नाही.

राहिला आई-काकूंचा प्रश्न. बाबांनी नव्या वहीत एक रकाना आखला आणि वर 'घरचे काम' असे लिहिले. रक्कम काय घालायची म्हणून पेन हातात धरून बसले. आई म्हणाली, "मला पगार नको. देणार कुठून तुम्ही? रविवार सकाळही बंद ठेवा. ते तिकडचे लोक आठवड्याला एक दिवस बंद ठेवतात म्हणून सांगत होता की हा." मामांनी ते खरेच सांगितले होते. दाराला पाटी लावून बाई सोमवारी गायब होतात, आणि ऑगस्टात तर चांगल्या दोनतीन आठवडे.

मी पुन्हा हिशोब मांडला. रविवार पूर्ण बंद म्हणजे ताटे २,०४० ची १,८७२ होणार आणि कोपेर्तो साडेबाराचा १३ रुपये ६२ पैसे. मेंबरांचे चार जेवणांचे १६८ रुपये कमी करायचे, बाबांनी १५० केले. सुटी गिऱ्हाइके जातील ती वेगळी. सामान वाचेल ते वजा जाता महिन्याला पावणेदोन हजारांच्या आसपास शिल्लक घटेल. बाबांनी तो आकडा 'घरचे काम' या रकान्यात लिहिला. २७,००० च्या जागी पावणेदोन हजार. पण शाईने लिहिला.

पाटी मीच रंगवली. वर मराठी, खाली कानडी. 'रविवार रजा.' शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ तेच असल्याने लिपी तेवढी बदलावी लागली. पहिल्या रविवारी आई नेहमीप्रमाणे साडेपाचलाच उठली, पाटी जागेवर आहे का ते पाहून आली आणि पुन्हा झोपली.